उत्खननाचे देणे

दैव आणि पुरातत्त्व यांचे काहीतरी साटेलोटे असावे, असे सन्नतीची हकिगत वाचताना वाटते. सन्नती हे गाव गुलबर्गा, म्हणजे आताच्या कलबुर्गी जिल्ह्यात, भीमेच्या काठी वसलेले आहे. तेथील चंद्रलांबा ही कर्नाटकातल्या आणि महाराष्ट्रातल्या अनेक घराण्यांची कुलदेवता. तिच्या आवारात कालीचे एक देऊळ होते. १९८६ साली त्याचे छप्पर कोसळले व मूर्ती भंगली. ज्या दगडावर मूर्ती उभी होती तो दगड त्यामुळे उघडा पडला, आणि पाहतात तो काय, त्यावर दोन्ही बाजूंनी ब्राह्मी अक्षरे कोरलेली! ती सम्राट अशोकाची शासने निघाली. एका बाजूला बाराव्या व चौदाव्या शासनांचा भाग, आणि दुसऱ्या बाजूला, तोपर्यंत फक्त ओडिशातील धौली व जौगड येथेच मिळालेली दोन स्वतंत्र शासने. मूर्ती नीट बसावी म्हणून कोणा जुन्या पाथरवटाने त्या दगडाच्या मध्यभागी चौकोनी खाच पाडली होती. तेवढी अक्षरे गेली ती गेलीच. पण त्याच पाथरवटाने तो दगड देवीखाली ठेवला म्हणून बाकीची राहिली, हेही विसरता येत नाही. पाया म्हणून वापरला गेला नसता तर तो दगड कोणाच्या जात्याला किंवा उंबऱ्याला लागला असता.

सन्नतीपासून दोन-तीन किलोमीटरवर कनगनहळ्ळी नावाचे खेडे आहे. तेथे १९९४ च्या सुमारास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने खोदकाम सुरू केले व ते काही हंगाम चालले. शेतजमिनीखालून एक प्रचंड बौद्ध स्तूप बाहेर आला. शिलालेखांत त्याचे नाव 'अधोलोक महाचैत्य' असे दिलेले आहे. साधारणपणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे तीनेकशे वर्षे त्याची बांधणी, सजावट व पूजा चालू होती. घुमटावर बसवलेल्या मोठमोठ्या शिलापट्टांवर जातककथा, बुद्धचरित्रातले प्रसंग आणि राजेलोक कोरलेले आहेत. त्यांतला एक शिलापट्ट आता जगभर प्रसिद्ध आहे. राजा उभा आहे, शेजारी राणी आहे, दासी छत्र व चवरी घेऊन आहेत, आणि वर ब्राह्मीत दोनच शब्द : 'रायो असोको'. सांचीच्या तोरणांवर अशोकाचे म्हणून जे प्रसंग दाखवले जातात ते आपण अनुमानाने ओळखतो. इथे शिल्पकाराने स्वतःच नाव लिहून ठेवले आहे. अशोकाच्या नंतर दोनेकशे वर्षांनी घडवलेली ही मूर्ती, तेव्हा ती हुबेहूब असेल असे नाही. पण नावानिशी अशोक असा याआधी कोठेही मिळाला नव्हता.

आणखी एक गोष्ट. 'देवानंपिय पियदसि' म्हणजे अशोकच, याचा पहिला शिलालेखी पुरावा १९१५ साली मस्की येथे मिळाला. मस्की रायचूर जिल्ह्यात आहे. बीडन नावाचे खाणकाम जाणणारे एक इंजिनीअर तिकडे सोन्याच्या शोधात हिंडत होते, त्यांना तो लेख दिसला. सोने किती सापडले हे इतिहासाने फारसे लक्षात ठेवलेले नाही. पुढे मध्य प्रदेशात गुजर्रा येथे आणि आपल्या बळ्ळारी जिल्ह्यात निट्टूर व उडेगोळम येथेही अशोकाचे नाव असलेले लेख मिळाले. म्हणजे अशोकाचे नाव प्रथम कर्नाटकाने दिले आणि चेहराही कर्नाटकानेच दिला. आपल्या कॉलेजात किती जणांना हे ठाऊक आहे? मी वर्गात विचारून पाहिले. आम्ही एकूण बासष्ट. मराठी माध्यमातून आलेले, कन्नड माध्यमातून आलेले, इंग्रजी माध्यमातून आलेले. अजिंठा सर्वांना ठाऊक होते. सांची बहुतेकांना ठाऊक होते. कनगनहळ्ळी हे नाव ऐकलेले तिघे निघाले, आणि त्यांतल्या दोघांचे आजोळ त्याच जिल्ह्यातले.

या अज्ञानाचे खापर विद्यार्थ्यांवर फोडणे सोपे आहे आणि ते नेहमीच फोडले जाते. 'हल्लीची मुले काही वाचत नाहीत' हे वाक्य प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीला ऐकवलेले आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. आम्ही वाचायचे काय? खोदकाम १९९४ च्या सुमारास सुरू झाले. त्याचा सविस्तर अहवाल सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत आला, त्यावर साल आहे २०११. शिलालेखांचा चोख अभ्यास नाकानिशी व फोन हिन्यूबर या दोन पंडितांनी २०१४ साली प्रसिद्ध केला, तो तोक्योहून. एक जपानी, एक जर्मन. त्यांच्याविषयी मनात आदरच आहे, कारण त्यांनी काम केले. पण दोन्ही ग्रंथ इंग्रजीत, दोन्ही जाडजूड, दोन्ही विद्वानांनी विद्वानांसाठी लिहिलेले. भीमेकाठच्या शेतकऱ्याच्या जमिनीतून जे निघाले त्याची बातमी तोक्योला नीट पोचली आणि बेळगावला पोचली नाही. आणि शिलापट्ट? ते वर्षानुवर्षे जागेवरच, बहुतांशी उघड्या आभाळाखाली पडून राहिले. स्तूपाच्या दुरुस्तीचे काम हाती घेतल्याची बातमी वर्तमानपत्रांतून आली ती २०२२ साली. मधली वीस वर्षे ऊन, पाऊस आणि भीमेचा वारा यांनी काय वाचले असेल तेवढेच.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे, त्यामुळे इतिहासावर लिहिण्याचा माझा अधिकार काय असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की ज्या लेखांविषयी मी बोलतो आहे त्यांतले पुष्कळसे मुळात जमाखर्चाचे कागद आहेत, फक्त ते दगडावर लिहिलेले आहेत. शाळेत आम्हाला लेणी शिकवली ती धर्म आणि कला म्हणून. पैसा कोठून आला हे कोणी सांगितले नाही. वास्तविक पैसा कोठून आला हेच तर ती लेणी ओरडून सांगत असतात!

नाशिकची पांडवलेणी घ्या. (पांडवांचा तेथे काही संबंध नाही. आपल्याकडे डोंगरात जे जे कोरलेले ते ते पांडवांनी, आणि तेही एका रात्रीत, असा शिरस्ता आहे.) तेथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक लेख आहे, बेचाळिसाव्या वर्षातला. हे लेणे त्याने भिक्षुसंघाला दिले, आणि नुसते लेणे देऊन तो थांबला नाही. त्याने तीन हजार कार्षापणांची 'अक्षयनीवि' केली, म्हणजे मुद्दल कधीही काढायचे नाही, केवळ व्याज वापरायचे. ही रक्कम त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. एकीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक या दराने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण या दराने. पहिल्या रकमेच्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे. दुसरीचे व्याज त्यांच्या इतर किरकोळ गरजांसाठी.

आता वही-पेन्सिल घ्या. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा म्हणजे दोनशे चाळीस. एक कार्षापण इकडे नाही, एक तिकडे नाही. हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा मला जो आनंद झाला तो ताळेबंद पहिल्याच फटक्यात जुळल्यावर होतो त्याच जातीचा होता. एकोणीसशे वर्षांपूर्वी कोणीतरी लेखनिक बसला असेल, त्याने आधी भिक्षू मोजले असतील, एका वस्त्राचा भाव धरला असेल, आणि मग उलट्या हिशेबाने किती ठेव लागेल ते काढले असेल. विणकरांच्या श्रेणीकडे ही ठेव ठेवण्यात किती विश्वास आहे हेही पाहण्यासारखे आहे. राजे बदलतील, पण माग चालू राहील, असे दात्याने गृहीत धरले होते. त्याचे गृहीत चुकीचे नव्हते. नहपानाचे राज्य गौतमीपुत्र सातकर्णीने बुडवले.

पण या लेखातली ज्या ओळीसाठी मी हे सगळे लिहितो आहे ती पुढे येते. दान दिले, रक्कम गुंतवली, आणि मग हे सर्व निगमसभेत, म्हणजे गावातल्या व्यापाऱ्यांच्या सभेत, वाचून ऐकवले व रिवाजाप्रमाणे दप्तरात नोंदवले, असे लेख सांगतो. दोन गोष्टी : ऐकवले आणि नोंदवले. दोन्ही केल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असे तो धरीत नाही. आणि ऐकवले ते कोणत्या भाषेत? भोवतालच्या माणसांना समजेल अशा प्राकृतात. विणकराला समजावे, वाण्याला समजावे, उद्या कोणी मुद्दलाला हात घातला तर चारचौघांनी त्याला जाब विचारावा, यासाठी.

याच कसोटीला आजच्या उत्खननाला लावून पाहावे, असे माझे म्हणणे आहे. उत्खनन हे सार्वजनिक पैशाने होते. जमिनीचा एक थर एकदाच उघडता येतो. खोदला की तो संपला, पुन्हा तपासणी नाही. म्हणजे खोदणारा जनतेकडून परत न करता येणारी वस्तू उचलतो. त्याच्या बदल्यात तो दोन गोष्टी देणे लागतो : नोंद आणि वाचन. नोंद म्हणजे अहवाल, तो वेळेत यावा. वाचन म्हणजे तो अहवाल ज्यांच्या मातीतून निघाला त्यांच्या भाषेत त्यांना ऐकवणे. पहिले देणे आपल्याकडे उशिरा का होईना फेडले जाते. दुसरे देणे आहे याचीच कोठे नोंद नाही. ते खतावणीत कधी चढलेलेच नाही.

वेळेत करणे अशक्य असते म्हणावे तर तसेही नाही. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली वसईजवळ नालासोपारा येथील स्तूप खोदला. गावकरी त्या टेकाडाला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत असत. आत विटांच्या बांधकामात एक मोठा दगडी करंडक मिळाला. त्यात बुद्धांच्या आठ धातुमूर्ती आणि मध्ये एकात एक बसवलेल्या डब्या. सर्वांत आतली सोन्याची, आणि तिच्यात मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. हे तुकडे बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून पूजिले गेले असावेत असे त्यांनी मानले. एवढा मौल्यवान ऐवज, पण सोन्यापेक्षा मातीची किंमत जास्त! याच भटकंतीत सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या शासनाचा तुकडाही त्यांच्या हाती लागला. या सर्वांवरचे त्यांचे पुस्तक त्याच वर्षी छापून झाले होते. ना संगणक, ना विजेचा दिवा. वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे सुखरूप आहेत. अर्थात पुस्तक इंग्रजीतच होते, तेव्हा दुसरे देणे त्यांच्याकडूनही राहिले असे म्हणता येईल. पण १८८२ चा न्याय आज लावणे बरोबर नाही. आज मराठीत आणि कन्नडमध्ये विद्यापीठे आहेत, अकादमी आहेत, पाठ्यपुस्तक मंडळे आहेत.

लोकांना न सांगितल्याने काय होते त्याचे उदाहरण आंध्रातले अमरावती. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथल्या जमीनदाराला नवे गाव वसवायचे होते. त्याच्या माणसांना एका टेकाडात आयते घडीव संगमरवरासारखे चुनखडीचे दगड मिळाले. मग ते दगड भिंतींना लागले, काही भट्टीत भाजून त्यांचा चुना झाला. कर्नल मॅकेन्झी तेथे पोचला व त्याने चित्रे काढून घेतली, तोवर बरेच गेले होते. जे राहिले त्याची वाटणी आज चेन्नई आणि लंडन यांच्यात आहे. त्या जमीनदाराला नावे ठेवण्यात मला स्वारस्य नाही. तो दगड काय आहे हे त्याला कोणीच सांगितलेले नव्हते. आज कनगनहळ्ळीत एखाद्याने शिलापट्टावर गोवऱ्या थापल्या तर त्याला दोष देण्यापूर्वी त्याला काय सांगितले गेले आहे हे विचारले पाहिजे.

यावर दोन-तीन आक्षेप मला ऐकायला मिळाले. पहिला असा की हे पंडितांचे काम. सामान्यांना ब्राह्मीत काय रस? हा आक्षेप मला पटत नाही, कारण दान देणारे सामान्यच होते. कनगनहळ्ळीच्या लेखांत राजे आहेत, सातकर्णी राजा महाचैत्याला रुप्याची कमळे वाहतो आहे असा स्पष्ट लेख आहे, पण त्याहून पुष्कळ अधिक आहेत ते गृहस्थ, त्यांच्या बायका, भिक्षू, भिक्षुणी. कोणी एक फरशी दिली, कोणी एक खांब दिला, आणि आपले नाव कोरून घेतले. आपल्या गावदेवळाच्या पायऱ्यांवर 'अमुक यांच्या स्मरणार्थ' असे लिहिलेले असते ना, तेच. जे त्यांना समजत होते ते आपल्याला समजणार नाही असे मानणे हा आपला अपमान आहे.

दुसरा आक्षेप जरा नाजूक आहे आणि तो बेळगावातच उठू शकतो. लोकांच्या हाती असले लेख दिले की लगेच वाद सुरू होतील : सातवाहन कोणाचे? पैठण राजधानी म्हणून मराठ्यांचे, की राजांच्या मूर्ती सन्नतीजवळ निघाल्या म्हणून कन्नडिगांचे? आणि पुराणे त्यांना आंध्र म्हणतात, तेव्हा तेलुगू लोक काही स्वस्थ बसणार नाहीत. गावातल्या पाट्यांवरून काय काय होऊ शकते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही भीती पोकळ वाटणार नाही. पण मला वाटते की वाद होतात ते लेख न वाचता. वाचले की पंचाईतच होते. कारण लेखांची भाषा ना आजची मराठी ना आजची कन्नड. त्यातला 'रुपा' आमच्या 'रुप्या'त ओळखू येतो म्हणून मी छाती काढायला जावे, तर तो दगड निघाला कन्नड मुलखात!

याहून गमतीचे उदाहरण कार्ल्याचे आहे. लोणावळ्याजवळचे कार्ल्याचे चैत्यगृह हा महाराष्ट्राचा अभिमान. ते कोणी पुरे केले? तेथल्या लेखात नाव आहे श्रेष्ठी भूतपाल, गाव वैजयंती. वैजयंती म्हणजे बनवासी, आपल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या शिरसी तालुक्यातले. म्हणजे बनवासीच्या एका सावकाराने घाटमाथ्यावर येऊन तो डोंगर कोरवला. लेखात तो आपल्या कामाला 'जंबुद्वीपात उत्तम' असे खुशाल म्हणतो. जाहिरातशास्त्र आम्हाला आता शिकवतात. भूतपालाला ते उपजत येत होते. त्याच चैत्यगृहाचे खांब देणाऱ्यांत धेनुकाकट गावचे कितीतरी यवनही आहेत. आता हे लेणे कोणाचे म्हणायचे ते सीमाप्रश्नावर बोलणाऱ्यांनी मला सांगावे. आणि हो, सन्नतीच्या त्या दगडावर जे बारावे शासन आहे त्याचा विषय ठाऊक आहे का? आपल्या पंथाची विनाकारण स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची विनाकारण निंदा करू नये, जिभेला आवर घालावा, असा. तो दगड आमच्या दोन भाषांच्या मधल्या मुलखात निघावा, यात मी काही संकेत शोधत नाही. पण त्याचा मराठी व कन्नड तर्जुमा बेळगावच्या बसस्टँडवर लावायला कोणाची हरकत असू नये.

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, ती माझ्या वर्गमित्राने सांगितली. त्याचे घराणे बौद्ध आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात दीक्षा घेतली, त्या काळापासून त्याच्या घरी बुद्धवंदना होते. तो म्हणाला, "तू याला अवशेष म्हणतोस. आमच्या आजीला तिथे नेले तर ती चपला काढून उभी राहील." हे त्याचे बोलणे माझ्या मनातून जात नाही. कलबुर्गी शहराजवळ २००९ साली मोठा बुद्धविहार उभा राहिला व तेथे लोकांची रीघ असते. त्याच जिल्ह्यात दोन हजार वर्षांपूर्वीचा महाचैत्य. तेथे ती आजी गेली तर तिला वाचता येईल असे तिच्या भाषेत काय लिहिलेले असावे? 'संरक्षित स्मारक, नुकसान केल्यास दंड' एवढेच? चंद्रलांबेच्या ओटीसाठी जाणाऱ्या आमच्या मावशीलाही हाच प्रश्न लागू आहे. तिच्या कुलदेवतेच्या आवारात अशोकाचा दगड निघाला हे तिला मी सांगितले तेव्हा ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "म्हणजे देवीने सांभाळला म्हणायचा." इतिहासकारांनी हसू नये. झाले ते अक्षरशः तसेच झाले.

खर्चाचे काय? उत्खननाचे मजूर, तंबू, छायाचित्रे, वाहतूक, रसायने, पहारा, हे सर्व परवडते. मग शेवटी शंभर पानांचे एक कन्नड व एक मराठी पुस्तक, साध्या कागदावर, शाळेच्या पुस्तकाच्या किमतीत, एवढ्यालाच पैसे पुरत नाहीत हे माझ्या कॉस्टिंगच्या ज्ञानात बसत नाही. खोदकामाच्या मंजुरीबरोबरच या पुस्तकाची रक्कम बाजूला काढून ठेवावी, आणि ती दुसऱ्या कशाला वापरता येऊ नये. उषवदाताला जे सुचले ते अंदाजपत्रक करणाऱ्यांना सुचायला हवे. आणि खोदकाम संपल्यावर अमुक वर्षांत हे पुस्तक न आल्यास त्या संस्थेला नवे खोदकाम देऊ नये. बँक जुने कर्ज थकले असता नवे देत नाही, हा नियम आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवला जातो.

कन्नड विभागाच्या संपादकमंडळातला माझा मित्र आणि मी, आम्ही दोघांनी यावर बसून न राहता एक लहान काम हाती घेतले आहे. नाशिकचा हा लेख, कार्ल्याचा भूतपालाचा लेख आणि सन्नतीचे बारावे शासन, यांचे सोप्या मराठीत मी व सोप्या कन्नडमध्ये त्याने भाषांतर करायचे, आणि दोन्ही शेजारी शेजारी लिहून वाचनालयाच्या फलकावर लावायचे. मूळ पाठासाठी इंग्रजी ग्रंथांचाच आधार घ्यावा लागतो आहे. सध्या आमचे गाडे 'अक्षयनीवि' या शब्दावर अडले आहे. मी 'कायम ठेव' म्हणतो. तो म्हणतो, ठेव काय, कधीही मोडता येते. 'शाश्वत दत्ती' म्हण. मी म्हणतो, दत्ती म्हणजे नुसते दान झाले, त्यात व्याज कोठे आले? तीन दिवस कँटीनमध्ये हा वाद चालू आहे, आणि चहाचे पैसे कोणी द्यायचे यावरही. बँकिंगच्या सरांकडे सोमवारी दोन्ही शब्द घेऊन जायचे ठरले आहे.